माथेरानची तांबडी वाट

जळकोटहून माथेरान गाठायचे तर उदगीरला रात्रीच्या गाडीत बसावे, पहाटे कल्याणला उतरावे आणि कर्जतच्या लोकलने नेरळला यावे. बालाघाटाच्या उघड्या माळांवरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी गर्द झाडीत आणि तांबड्या चिखलात जाऊन पोहोचतो. सेमिनरीत असताना आम्ही तेथे प्रथम गेलो आणि तेव्हापासून सुटी मिळाली की आमची पावले तिकडेच वळत आली आहेत.

२०२५ च्या सप्टेंबरात गेलो ते मात्र काहीशा घाईने. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट रोजी परवानगी दिली होती. काही टप्प्यांत ते आधीच बसले होते. उरलेली वाट झाकली जाण्यापूर्वी एकदा पायांखाली घ्यावी, एवढाच हेतू.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण हेरले. १९०७ साली पीरभॉय घराण्याच्या पुढाकाराने छोटी रेल्वे वर आली. पण मोटारींना दस्तुरीपुढे मज्जावच राहिला. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. कर्णे नाहीत, धूर नाही. आमचे माथेरानवरील प्रेम हे बहुतांशी या शांततेवरील प्रेम होय, आणि त्या प्रेमाविषयी आम्हांला जरा संकोच वाटू लागला आहे.

१९९६ च्या मे महिन्यात आम्ही आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे धरलेले, म्हणून हातरिक्षा केली. एक जण पुढून ओढणारा, दोघे मागून रेटणारे. भाड्यावरून आम्ही बरीच घासाघीस केली, वीस रुपये कमी करून घेतले आणि मनातून खूशही झालो. चढावर पुढच्याचा श्वास ऐकू येऊ लागला तशी आई म्हणाली, "बाबा, थांब रे. मी उतरते."

"बसा आजी. उतरलात तर आमचं भाडं बुडेल."

आई बसून राहिली, परंतु मुक्काम येईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले होते. ती प्रार्थना करीत असावी असे आम्हांला वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "त्याची पाठ बघवत नव्हती. बाळा, वीस रुपयांवरून भांडायला नको होतंस."

आमच्या भागातील तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी माणसे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांच्या कष्टांवर व्यासपीठावरून बोलणे आम्हांला चांगले जमते. सुटीच्या गावी मात्र ते डोळे आम्ही बहुधा घरी ठेवून जातो.

त्याच निकालात न्यायालयाने हातरिक्षा अमानवी ठरविली. ती सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला. परवानाधारक हातरिक्षा ९४. ई-रिक्षांचा पहिला प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये झाला, तेव्हा शाळेच्या पोरांची पायपीटही वाचली. घोडेवाल्यांची तक्रार आम्हांला खोटी वाटत नाही. ओल्या ब्लॉकवर उतारात टापा घसरतात. आतल्या वाटांवर ब्लॉक नकोत आणि खाली काँक्रीट नको, असे न्यायालयाने बजावले आहे, ते योग्यच झाले. तरीही पहिल्या सोयीमागून दुसरी सोय येते, ही धास्ती मनातून जात नाही.

स्टेशनाजवळ एक वयस्क रिक्षावाला पावसाच्या आडोशाला बसला होता. तीस वर्षे त्याने हातरिक्षा ओढलेली. आम्ही विचारले, "रस्ता झाल्यावर माथेरान पूर्वीसारखं राहील का हो?"

गळ्यातील क्रूस पाहून त्याने आम्हांला ओळखले असावे. "पूर्वीसारखं म्हणजे कसं, फादर? मी ओढायचो तसं?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. ई-रिक्षा आपल्या नावावर कधी होईल, याचा हिशेब तो बोटांवर करीत राहिला. हप्ता किती बसेल, चार्जिंग कोठे करायचे, पोरगा चालवील की नाही, असे त्याचे प्रश्न होते. रस्त्याच्या रंगाचा उल्लेख त्यात एकदाही आला नाही.

निघताना त्याने आमची बॅग उचलली. सांगितले तेवढे पैसे आम्ही दिले. बॅगेचा एक बंद आपणही धरावा म्हणून हात पुढे केला, तर तो म्हणाला, "राहू द्या, दोघं पडू." मातीच्या भागात आम्हीच दोनदा घसरलो, तो नाही. दस्तुरीला टॅक्सी येऊन थांबल्या होत्या. बॅग खाली ठेवून, कपाळावरील पाणी निपटून, तो नव्या प्रवाशांकडे वळला.