विहीर खणण्यापूर्वी
पेडणे व डिचोली येथील चार दिवस

गेल्या मे महिन्यात गोमंतकाच्या अगदी उत्तरेकडील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांत चार दिवस काढण्याचा योग आम्हांला आला. निमित्त होते एका मिशनरी फादरांचे. वसईकडे जन्मलेले हे फादर आमचे जुने स्नेही. त्यांच्या पत्रातील एका ओळीने आम्हांला घराबाहेर काढले: ‘कूपनलिकेसाठी पैसे जमले आहेत, आता ती कोठे मारू नये, हे शोधीत आहे.’

कोलवाळचा पूल ओलांडला की शापोरा नदी व बार्देस तालुका मागे पडतो आणि पेडणे सुरू होते. पोर्तुगीजांनी बार्देस, तिसवाडी व सासष्टी सोळाव्या शतकातच घेतले होते. पेडणे मात्र त्यांच्या हाती आले १७८८ साली, आणि डिचोली त्याच्या थोडे आधी. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा या भागात त्यांच्या राज्याला पुरती दोनशे वर्षेही झाली नव्हती. म्हणून येथे ख्रिस्ती घरे तुरळक. एका वाडीत क्रूस दिसावा आणि पुढच्या पाच वाड्यांत तुळशीवृंदावने. देवळांतून मराठी कीर्तने होतात, वडीलधारी माणसे मराठी पोथ्या वाचतात. वसईच्या माणसाला परके वाटावे असे येथे काही नाही; फक्त उन्हाळ्यात पाणी नाही.

वाचकहो, हे ऐकून आपण हसाल. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या जिल्ह्याला ५०० ते ६०० मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. मग पाचपट पावसाच्या मुलखात बायकांनी डोईवर कळशी घेऊन डोंगर का उतरावा?

याचे उत्तर पायाखाली आहे. येथील सडे जांभ्या दगडाचे. ज्या तांबड्या चिऱ्यांनी आपली घरे व चर्चे उभी राहिली, तोच हा दगड. वरून तो कठीण, पण आतून मधाच्या पोळ्याप्रमाणे छिद्रांनी भरलेला. पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली झिरपते. त्याच्या खाली पांढरी-पिवळी चिकट माती असते. तेथे पाणी अडते, आडवे वाहू लागते आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. ऑगस्टात हे झर खळाळतात, डिसेंबरात बारीक होतात, एप्रिलात थेंब थेंब गळतात. म्हणजे आभाळ कृपण नाही. जमिनीची ओंजळ गळकी आहे. त्या खालच्या मातीला भलत्या ठिकाणी भोक पडले आणि नळी नीट बसविली नाही, तर वर अडलेले पाणीही खाली निसटून जाते. फादरांच्या पत्रातील ‘कोठे मारू नये’ याचा अर्थ आम्हांला येथे उमगला.

फादरांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मिस्सा झाली की पेजेची वाटी, आणि मग खांद्यावर कापडी पिशवी अडकवून ते निघतात. पिशवीत एक वही, एक काचेचा पेला आणि शेवटाला दगड बांधलेली लांब दोरी. दोरीला दर हातावर गाठ. प्रत्येक विहिरीत ती सोडावयाची, पाणी किती खोल व किती उभे आहे ते मोजावयाचे, पेल्यात घेऊन चाखावयाचे आणि वहीत टिपावयाचे. हे काम ते नोव्हेंबरपासून करीत आहेत. पाच-सहा वाड्या मिळून चाळिसांवर विहिरी त्यांच्या वहीत आहेत. पहिल्या सकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने मोजणी करू लागलो. सातव्या विहिरीपाशी आमचा उत्साह तिच्या पाण्याइतकाच उरला.

दोरीपेक्षा अधिक ते माणसांना विचारतात. एका अंगणात सुपे विणीत बसलेल्या आजींना त्यांनी नमस्कार केला. आजींनी वर न पाहताच सांगितले, “बांयंत उदक ना.” फादर तेथेच पायरीवर बसले. विहीर आटते ती शिगम्यापूर्वी की नंतर? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा कधी आटत असे? शेजारची आधी आटते की तुमची? आजींची मान हळूहळू वर आली. त्यांच्या तोंडून अर्ध्या तासात पन्नास वर्षांचा पाण्याचा हिशेब बाहेर पडला. तो कोणत्याही कचेरीत मिळाला नसता.

किनाऱ्याकडील गोष्ट निराळी. हरमल, मांद्रे, मोरजी येथे विहिरी फार खोल जाऊन चालत नाही. गोडे पाणी हलके, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. अधिक उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. पाहुण्यांसाठी उठलेल्या वसतिगृहांनी आपापले पंप बसविले, तशी ही साय पातळ होऊ लागली. फादरांचा काचेचा पेला येथेच खरा कामाला येतो. वर मोपाच्या सड्यावर २०२२ साली नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या सड्यातून झर पाझरतात त्यावर धावपट्टी आली, याची काळजी आसपासच्या पुष्कळ घरांतून आमच्या कानी आली.

दुसऱ्या दिवशी वाडीकऱ्यांनी एक पाणाड्या आणला. तळहातावर नारळ घेऊन तो उतारावर फिरला. एका जागी नारळ उभा राहिला, आणि साऱ्यांनी तेथे काठी रोवली. ही जागा वरच्या वाडीत, रस्त्याला लागून, यंत्राची गाडी थेट येईल अशी. फादर काही बोलले नाहीत. पाणाड्यांची विद्या शास्त्राच्या कसोटीला उतरलेली नाही हे ते जाणतात. पण माणसाचा पाणउतारा करून पाणी मिळत नाही, हेही जाणतात. त्यांनी जागा वहीत लिहिली आणि पाणाड्याला चहा दिला.

डिचोलीस आम्ही म्हापसा व अस्नोडा या मार्गाने गेलो, कारण तेथीलही एका वाडीने फादरांकडे पाणी मागितले होते. या तालुक्यात १९५० नंतर लोहखनिजाचे खोदकाम वाढले. माल बोटींतून जपानला जाई. खाणी पाण्याच्या पातळीखाली उतरल्या, म्हणजे रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसणे आले, आणि भोवतालच्या विहिरींतील पाणी त्या खड्ड्याकडे ओढले गेले. शिरगाव, मये या नावांशी कोरड्या विहिरींची तक्रार कायमची जोडली गेली आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, २०१८ साली पुन्हा थांबविल्या. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव झाले. दरम्यान ज्यांची चूल खाणीवर पेटत होती, त्यांचेही हाल झाले. त्या वाडीत दोन भाऊ एकाच ओसरीवर बसून आमच्याशी बोलले. एकाचा ट्रक बंद पडून होता, दुसऱ्याची बागायत सुकली होती. दोघेही खरे बोलत होते. येथे फादरांनी दोरी सोडली. तळाला दगड आपटल्याचा आवाज आला, आणि वहीत शून्य लिहिले गेले.

रात्री कंदिलाऐवजी विजेचा दिवा होता, एवढाच काय तो काळाचा फरक. बाकी गप्पा जुन्या मिशनांच्या. १९६० नंतरच्या दशकात जालन्याच्या स्कॉटिश व सोलापूरच्या स्वीडिश मिशनरी मंडळींनी काळा खडक फोडून पाणी काढण्याचे व हातपंप बनविण्याचे काम अंगावर घेतले. त्या वेळचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते घडविलेले. गावाचे शेकडो हात लागले की मोडत. १९७४ च्या सुमारास केलेल्या पाहणीत तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. सोलापूरच्या पोलादी पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप आला आणि जगभर गेला. आमच्या एका गावीही असाच पंप देणगीतून बसला होता. उद्घाटनाला पेढे वाटले. वर्षाने आतील चामड्याची चकती झिजली, ती बदलावयाची कोणी हा प्रश्न सुटला नाही, आणि पंपाला म्हशी बांधू लागले. पेढे आम्हीही खाल्ले होते.

फादर हर्मन बाखर यांचे नाव निघणे तर अपरिहार्यच होते. हे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात विहिरींचे काम जोरात चालले. पण विहिरी वाढल्या, पंप वाढले, तसे पाणी आणखी खाली गेले. पाणी काढण्याआधी ते जिरविले पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि उतारावर बांध, चर व झाडे यांच्या कामाला ते लागले. १९९३ साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यासाठी ‘वॉटर’ ही संस्था काढली. २०२१ साली ते निवर्तले. फादर म्हणाले, “बाखर बाबांना हे कळायला विहिरी खणाव्या लागल्या. मला तरी न खणता कळावे.”

चौथ्या दिवशी पेडण्यास परतून वाडीची बैठक भरली. गोव्यात २००२ च्या भूजल कायद्याप्रमाणे विहिरीला परवानगी लागते. तिचे कागद फादरांनी पुढे ठेवले. मग वही उघडली. काठी रोवलेली जागा खालच्या वाडीच्या झरीच्या बरोबर वर पडत होती. तेथे कूपनलिका मारली, तर वरच्यांना पाणी लागेलही, पण खालच्यांची झर जाण्याचा धोका होता. खालची वाडी सारी हिंदू, वरच्या वाडीत ख्रिस्ती घरे आठ. देणगी आलेली ख्रिस्ती हातांनी. एक गृहस्थ रागाने म्हणाले, “फादर, पैसे आपले, माणसे आपली, मग विहीर आपल्या दारी का नको?” सभेत कोणी मान वर करीना. फादरांनी पवित्र शास्त्रातील इसहाकाची आठवण दिली. त्याच्या माणसांनी खणलेल्या दोन विहिरींवर भांडण झाले, तेव्हा तो पुढे सरकला व तिसरी खणली. रागावलेल्या गृहस्थांचे त्याने समाधान झाले असे आम्हांला वाटले नाही. ते उठून गेले.

ठरले ते असे: यंदा यंत्र आणावयाचे नाही. दोन्ही वाड्यांनी मिळून झरीखालच्या जुन्या विहिरीचा गाळ काढावा, सड्याच्या उतारावर चर खणावे, आणि दोरीचे मोजमाप आणखी एक वर्ष चालू ठेवावे. नंतर कूपनलिका लागलीच, तर झरीपासून दूर, पूर्वेच्या अंगाला. दोन्ही वाड्यांतील एकेक मुलगा पंपाची दुरुस्ती शिकेल, त्याचा खर्च देणगीतून. दुसऱ्या सकाळी गाळ उपसण्यास खालच्या वाडीतून अकरा माणसे आली, वरच्या वाडीतून चार. दहाच्या सुमारास ते रागावलेले गृहस्थ टोपली घेऊन आले, कोणाशी न बोलता रांगेत उभे राहिले.

आम्ही त्याच दुपारी निघालो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फादरांचे पोस्टकार्ड आले. आमच्या प्रकृतीची चौकशी नव्हती, पावसाचे वर्णन नव्हते. वाड्यांची नावे होती, त्यांच्यापुढे दोरीच्या गाठींचे आकडे होते, आणि खाली लिहिले होते की डिचोलीच्या त्या विहिरीत दगड आता आवाज न करता बुडतो.