तीक्ष्ण नजरेची आंधळी बाजू

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात राहणाऱ्याला घार आणि तार दोन्ही सवयीच्या असतात. महाऔष्णिक वीज केंद्रातून निघालेल्या वाहिन्यांच्या मनोऱ्यांवर घारी निवांत बसतात; म्हणून पक्ष्यांना तारा दिसतातच, असं आपण धरून चालतो. तारेला धडकून एखादा करकोचा मेला, की दोष त्याच्या नशिबावर टाकतो. मला हे पटत नाही. पक्ष्याचा डोळा ज्या कामासाठी घडला आहे, ते काम जाणून न घेता आपण तारा ओढल्या, हे खरं कारण आहे.

करकोच्याचं डोकं दुर्बिणीतून न्याहाळलं, तर डोळे दोन बाजूंना असल्याचं लगेच ध्यानात येतं. त्यामुळे आजूबाजूचा मोठा परिसर दिसतो. पण दोन्ही डोळ्यांना मिळून दिसणारा समोरचा पट्टा अरुंदच राहतो. शिवाय उडताना हे पक्षी चारा, पाणी आणि सोबती शोधत खाली पाहतात. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी 2010मध्ये दाखवून दिलं, की माळढोकाच्या कुळातल्या आफ्रिकी कोरी पक्ष्याने डोकं 25 अंश, निळ्या क्रौंचाने 35 अंश आणि पांढऱ्या करकोच्याने 55 अंश खाली झुकवलं, की उडण्याच्या दिशेचं त्यांना काहीच दिसत नाही.

मग घार कशी वाचते? ती हलकी, चपळ आहे; ऐन वेळी वळू शकते. जड अंगाच्या माळढोकाला ते साधत नाही. झाडाला पक्षी धडकत नाहीत, मग तारेलाच का, असंही विचारलं जातं. झाड जाड असतं, जमिनीतून वर आलेलं असतं. मोकळ्या आकाशात आडवी, बारीक वस्तू मात्र निसर्गात सहसा नसतेच. त्यातही सर्वांत वरची अर्थ वायर इतर तारांहून बारीक असते. तारा नजरेत भराव्यात म्हणून त्यांवर चकत्या लावाव्यात, हा उपाय चांगला आहे. पण समोर न पाहणाऱ्या पक्ष्याला चकतीही दिसणार नाही.

मग तारा जमिनीखालीच घालाव्यात का? त्यावरचा खर्चाचा आक्षेप खरा आहे. माळढोकासाठी तारा जमिनीखाली घालण्याचा 2021चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2024मध्ये शिथिल केला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी एकच वाहिनी 752 किलोमीटरची आहे. सगळं जाळं जमिनीखाली घाला, असं कोणी म्हणणार नाही. पण वीज केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणावर पाणपक्षी उतरतात, आणि वरोरा-भद्रावतीची शेतं माळढोकाची म्हणून माहीत आहेत. निदान अशा ठिकाणी नव्या वाहिनीचा मार्ग आखतानाच पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा टाळाव्यात. पक्ष्याला आपला डोळा बदलता येत नाही. नकाशावरची रेघ आपल्याला बदलता येते.