परसातली भट्टी

सांगलीच्या आमच्या घरामागे विटांची एक भट्टी आहे. पुण्यातला भाचा तिला 'बार्बेक्यू' म्हणतो. आम्ही भट्टीच म्हणत आलो. तीन बाजूंनी कमरेइतक्या भिंती, समोरून उघडी, वर लोखंडी सळ्या, शेजारी मांस ठेवायला शहाबादी फरशीचा छोटा कट्टा. २०१८ च्या बकरी ईदनंतर ती पेटलेली नाही. आता ती पाडायची की दुरुस्त करायची, यावर दोन महिने घरात वाद चालू आहे.

भट्टी अब्बांनी बांधली. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गाळप हंगाम संपला की बॉयलरच्या आतलं अस्तर तपासायचं, खराब विटा काढून नव्या बसवायच्या, हे त्यांचं दरवर्षीचं काम. भंगारात निघालेल्या फायरब्रिक त्यांनी विकत आणल्या आणि भट्टीच्या आत लावल्या. बाहेरून मात्र आपल्या कृष्णाकाठच्या साध्या लाल विटा. ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या बासी ईदला, अब्बा आणि चाचा सकाळीच कोळसा पेटवायचे. कच्ची पपई लावून मुरवलेल्या बोट्या, सीख कबाब, आणि निखाऱ्यांवर मारायला हातात पुठ्ठ्याचा तुकडा. दुपारपर्यंत गल्लीतलं निम्मं पोरगं आमच्या परसात असायचं.

२०१९ ची ईद १२ ऑगस्टला होती. सांगलीकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको. त्याच आठवड्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर नदीकडच्या उतारावर, भट्टी आठवडाभर पाण्याखाली. आम्ही मिरजेला मामांकडे होतो. त्या वर्षी आमच्याकडे कुर्बानी झाली नाही, पैसे गल्लीतल्या चार घरांतला चिखल काढण्यात गेले. २०२० ची ईद लॉकडाऊनमध्ये गेली, त्या हिवाळ्यात अब्बाही गेले. २०२१ ला ईद २१ जुलैची, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पूर. त्यानंतर कुणी भट्टीकडे बघितलंच नाही. कबाब गॅसवर, तव्यावर होऊ लागले.

धाकट्या भावाचं म्हणणं साधं आहे, आणि खोटं नाही. अम्माचे गुडघे गेलेत. न्हाणीघराला दोन पायऱ्या आहेत, संडास आणखी पुढे. स्वयंपाकघराच्या दाराला लागून कमोडचं बाथरूम हवं, आणि ती जागा नेमकी भट्टीची. "आपा, आठ वर्षांत एकदा तरी पेटली का ती?" तो फोनवर म्हणाला. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गवंडी आला, त्यानं करणीच्या दांड्यानं दोन-चार ठिकाणी वाजवून बघितलं. "ताई, ह्याच्यात काय राहिलं नाही. पाडून टाका." बाहेरच्या विटांचे पापुद्रे सुटले होते, हात फिरवला की लाल भुगा. साधी वीट चांगली भाजलेली असली तरी पाणी पितेच. मानकाप्रमाणे दिवसभर बुडवल्यावर तिनं वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, म्हणजे तेवढं प्यायलेलं चालतं. इथे आठवडाभर गढूळ पाण्यात, आणि तेही दोनदा. सळ्या भिंतीत सिमेंटनं पक्क्या केल्या होत्या, त्या गंजून फुगल्या आणि फुगताना त्यांनी कोपरे फोडले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग वीट त्याच्यापुढे काय टिकणार? शिवाय सळी तापली की लांब होते, तिला सरकायला जागा ठेवायला हवी. ही एक गोष्ट अब्बांनी, बॉयलरचा माणूस असून, कशी केली कोण जाणे. बहुतेक चाचांनी केली असेल.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल घरात हळू आवाजात बोललं जातं. शेजारचं कौलारू घर जाऊन तिथे तीन मजली अपार्टमेंट झालंय. त्याच्या खिडक्या आमच्या परसात उघडतात. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्या भट्टीवर बकऱ्याखेरीज काही भाजलं जात नाही, पण धूर काही कशाचा आहे ते सांगत नाही. मामांचं मत, "कशाला उगाच? गॅसवर होतंय ना?" मला हे 'कशाला उगाच' आवडत नाही. आपण एकेक गोष्ट अशीच स्वतःहून आत घेत जातो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. पण मामांची भीतीही मी हसण्यावारी नेणार नाही, त्यांनी माझ्याहून जास्त बघितलंय. शेवटी मीच अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "आदल्या दिवशी सांगा, खिडक्या लावून घेऊ. वाळवण असलं तर तेही काढू." वरच्या दोन मजल्यांचं अजून माहीत नाही.

अम्मा या सगळ्यात गप्प होती. मला वाटलं, अब्बांची आठवण म्हणून ती ठेवा म्हणेल. तिनं अब्बांचं नावही काढलं नाही. भाऊ आलेला असताना जेवताना एकदम म्हणाली, "साल में एक दिन मैं बैठती थी. भट्टी गयी तो वो बी गया."

मी हिशेब केला. ईदच्या पहिल्या दिवशी मांसाचे तीन वाटे घालायचे, एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. मग कलेजी, खिमा, पाया, बिर्याणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी. हे सगळं बायकांचं. बासी ईदला मात्र आग बाहेर असायची आणि आगीपाशी पुरुष. अम्मा, चाची, फुफू दारात खुर्च्या टाकून बसायच्या आणि कबाब कच्चे राहिले म्हणून परत पाठवायच्या. तवा आला तसं ते काम पुन्हा आत आलं. गेली काही वर्षं बासी ईदला कबाब भावजय आणि मी लावतोय, आणि पुरुष 'झाले का' विचारतायत. आमच्या घरातली पुरुषांनी सांभाळलेली ती एकमेव चूल होती, हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गवंड्याला परत बोलावलं. बाहेरची भिंत एका कोपऱ्यातून उतरवली, तर आतल्या फायरब्रिक जशाच्या तशा. त्या भट्टीतल्या उष्णतेसाठीच केलेल्या असतात, ओल्या होऊन वाळल्या की पुन्हा कामाला तयार. आणि त्या सिमेंटमध्ये नव्हत्या. अब्बांनी त्या फायरक्लेच्या पातळ लेपावर बसवल्या होत्या, बॉयलरमध्ये बसवतात तशा. हाताने हलवलं की एकेक सुटत होती. म्हणजे बांधतानाच त्यांनी ती कधीतरी काढायला लागेल असं धरलं होतं. चौसष्ट निघाल्या, त्यातल्या नऊ तुटक्या.

तेव्हा ठरलं ते असं. भट्टी त्या जागेवरून निघणार, तिथे अम्माचं बाथरूम होणार. भट्टी विहिरीच्या कठड्याकडे, अपार्टमेंटकडे पाठ करून, दोन फूट उंच जोत्यावर आणि आधीपेक्षा लहान. सळ्या नुसत्या टेकवायच्या, पावसाळ्यात काढून घरात ठेवायच्या. पूर ५७ फुटांवर आला तर जोतं काय करणार, हे गवंड्यानं विचारलंच. पण हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते. गेल्या वर्षी ती ७ जूनला होती, यंदा मेच्या अखेरीस. आता पुढे ती उन्हाळ्यात, मग थंडीत जाईल. ती पुन्हा ऑगस्टच्या पुरात सापडायला २०५० च्या आसपासचा काळ उजाडेल.

भावाला अट घातली आहे. ईदच्या चार दिवस आधी पुण्याहून यायचं. नव्या भट्टीत लगेच कोळसा भरायचा नाही, पहिल्या दिवशी कागद आणि काटक्या, दुसऱ्या दिवशी थोडं लाकूड, असं हळूहळू तिला वाळवायचं. आत पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन विटा तडकतात. आणि बासी ईदला आगीपाशी तो आणि भाचा, बाकी कुणी नाही. तो आधी हसला, मग सुट्टीचं बघतो म्हणाला.

परवा रात्री त्याचा फोन आला, एक किलो बोटीला पपई किती लावायची म्हणून. अम्मानं आकडा सांगितला नाही. "आ को देख," म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.