काळीवर रस्ता टिकवायचा तर

पाणंदीच्या कामाबद्दल बऱ्याच जणांनी फोन करून एकच विचारलं, "राख किती टाकली?" नुसता आकडा सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात काम काढायचं असेल तर आत्ताच वाचा.

आपल्याकडे जुन्या माणसांनी काळी आणि पांढरी असे दोन शब्द ठेवलेत. काळीत पीक, पांढरीत गाव. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं. पण आता आपण वस्ती, गोठा, कांदाचाळ, रस्ता सगळं काळीत आणलं. मग गोठ्याच्या भिंतीला तिरकी भेग पडली की गवंड्याला शिव्या घालतो. गवंड्याचा दोष दर वेळी नसतो, राव. काळीचा स्वभावच तसा आहे.

बेसाल्ट खडक झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पापडाच्या चळतीसारखे तिचे बारीक थर असतात. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे ती ओल धरते आणि कोरडवाहू कापूस, तूर तग धरतात, त्याच गुणामुळे भिंत फाटते आणि रस्ता खचतो. माती वाईट नाही, आपण तिला भलतं काम सांगतोय.

तुमची माती किती फुगते हे घरी बघता येतं. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापाच्या काचेच्या नळ्यांत घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून 24 तास ठेवा. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमच्या पाणंदीची माती रॉकेलात 11 मिलीवर बसली आणि पाण्यात 19 वर. म्हणजे फुगवटा 73 टक्क्यांच्या आसपास. हीच चाचणी भारतीय मानक 2720 च्या भाग 40 मध्ये दिली आहे. फुगवटा 50 टक्क्यांच्या वर गेला की ती माती रस्त्याच्या भरावाला चालत नाही, असा महामार्गाच्या कामाचा दंडक आहे.

आमची पाणंद साधारण 600 मीटर. दर दोन वर्षांनी वर्गणी करून मुरूम टाकायचो. दोन पावसाळ्यांत मुरूम खाली, चिखल वर. सोयाबीन काढून पडलं तरी पंधरा-पंधरा दिवस ट्रॅक्टर आत येत नव्हता. एका पावसाळ्यात वस्तीवरच्या बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. त्यानंतर अकरा जण बसलो. मुरमासाठी दर वेळी टेकडी पोखरायची आणि तो चिखलाला खाऊ घालायचा, हे बास, असं ठरलं.

आता राखेचं. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे आमच्या भागाला राख नवी नाही. आपल्या कोळशात 30 ते 40 टक्के राखच असते, म्हणून तिचे डोंगर होतात. पण एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ही राख एकटी सिमेंटसारखी धरत नाही, कारण तिच्यात चुना फार कमी असतो. नुसती राख कालवली तर मातीचा चिकटपणा थोडा कमी होतो, एवढंच. तिला चुन्याची जोड लागते.

चुना दोन कामं करतो. पहिलं काम लगेच होतं. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, कण गोळा होतात, माती रवाळ होते आणि फुगणं घटतं. चिकट गोळा एक-दोन दिवसांत भुसभुशीत झालेला हाताला कळतो. दुसरं काम सावकाश चालतं. राखेतली सिलिका आणि चुना ओलीत एकमेकांना धरतात आणि आठवडे-महिने घट्ट होत राहतात. जुन्या वाड्यांच्या बांधकामात घाणीच्या चुन्यात विटेची सुरखी घालायचे, त्यातलं गणित हेच.

काही जण म्हणाले, "आमची जमीन चुनखडीची आहे, मग चुना कशाला?" चुनखडी वेगळी, चुना वेगळा. शेतातले पांढरे खडे भाजलेले नसतात, ते हे काम करत नाहीत. भट्टीत भाजून विरवलेला चुनाच लागतो. कळीचा चुना हाताळू नका. तो पाणी लागताच उकळतो, डोळे जातात. विरवलेल्या चुन्यालाही चष्मा, हातमोजे, तोंडाला फडकं पाहिजेच, आणि पोरं लांब.

आम्ही आधी 30 मीटरचा तुकडा करून पाहिला. रुंदी 3 मीटर, थर 15 सेंटिमीटर. म्हणजे साडेतेरा घनमीटर, सुमारे 20 टन कोरडी माती. तिच्या वजनाच्या 4 टक्के चुना म्हणजे 8 क्विंटल, आणि 15 टक्के राख म्हणजे 3 टन. सर्वसाधारणपणे चुना 3 ते 8 टक्के आणि राख 10 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान बसते. नेमकं माप तुमच्या मातीवर ठरतं. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद, काढून घ्या. भिजलेल्या काळीचा सीबीआर बहुतेक वेळा 2-3 एवढाच निघतो. मिश्रणाचा किती येतो ते बघून मगच पैसे घाला.

कामाचा क्रम असा. वरची वीतभर माती उचलून शेतात टाका. ती सुपीक, शिवाय तिच्यातलं कुजकं काडीकचरा-शेणखत चुन्याचं काम बिघडवतं. खालची माती रोटाव्हेटरने ढेकूळ न राहील अशी फोडा. राख पसरा, चुना पसरा, तीन-चार वेळा कोरडंच मिसळा. मग पाणी शिंपडून पुन्हा मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला राड लागू नये. त्याच दिवशी रोलर फिरवा, मध्ये उंच आणि कडेला उतार ठेवून. पुढे आठवडाभर ओल टिकवा. वरून मुरमाचा थर. तो आता बुडायला नाही, झिजायला आहे.

कुठली राख नको, तेही सांगतो. साखर कारखान्याच्या बॉयलरची काळी, हलकी, अर्धवट जळलेल्या भुशाची राख नको. चांगली जळालेली, चाळलेली असेल तर तिच्यात सिलिका भरपूर असते. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना भाताच्या तुसाची राख मिळते, तीही चांगली जळालेली असेल तर सिलिकेने भरलेली असते. विहीर, बोअर, ओढ्याकाठी आणि पाणी वर येतं तिथे कोळशाची राख टाकू नका, तिच्यात जड धातूंचे अंश असतात. आणि खारवट जमीन असेल तर आधी सल्फेट तपासा. सल्फेट जास्त असताना चुना घातला तर नवे स्फटिक तयार होतात आणि माती आणखी फुगते.

गोठ्याच्या पायाखाली वाळू भरायचा सल्लाही कुणी देतात. काळीत वाळूचा थर म्हणजे पाणी साठवायचं भांडं. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट दाखवली. न फुगणारी पण चिकट मातीचा जाड थर मध्ये दिला की खालच्या काळीचं फुगणं आवरतं. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली जाते.

आमचा तुकडा एक पावसाळा बघून झाला. शेजारच्या नुसत्या मुरमाच्या भागात चाकोऱ्या पडल्या, इथे भरलेली ट्रॉली गेली. फक्त एका कडेला, जिथे वरच्या शेताचं पाणी बांध फोडून आलं, तिथे हातभर माती मऊ पडली. याचा अर्थ सरळ आहे. चुना-राख दुसरं, चर पहिला. पाणी बाजूला काढलं नाही तर कुठलंच औषध काळीला लागू पडत नाही.

यंदा दोन्ही बाजूंचे चर खोदून झालेत, त्यात दोघांनी बांधाकडची हात-दीड हात जागा सोडली. बांधावरून डोकी फुटायच्या दिवसांत हे राखेपेक्षा अवघड काम होतं. आता वैशाखात पुढचे 200 मीटर. रॉकेलाची चाचणी तुम्हीही करा आणि गावाच्या नावासह दोन्ही आकडे कळवा. कुठली काळी किती फुगते, याची यादी आपलीच आपण करू.