एकोणिसावी ट्यूब

आमच्या कचेरीच्या मोठ्या दालनात चोवीस ट्यूबलाइट आहेत. त्यांतली एकोणिसावी गुणगुणत असे. ही गोष्ट पाच वर्षे मला ठाऊक होती आणि इतर कोणालाही ठाऊक नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी एकदा सांगून पाहिले. त्यांनी मान वर केली, डोळे मिटून क्षणभर ऐकल्यासारखे केले आणि “छे, काहीच नाही!” असा निकाल देऊन पुन्हा बिलात डोके घातले. त्यांचेही खरेच होते. त्यांच्यापुरती ती ट्यूब गप्प होती. माझ्याशी मात्र ती सकाळी पावणेदहापासून संध्याकाळी सव्वासहापर्यंत बोलत असे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गुणगुणण्याचे काय मोठेसे! आयुष्याची पन्नास वर्षे मीही स्वतःला हेच बजावत आले. एकटी ट्यूब असती तर मी तिच्याशी जमवूनही घेतले असते. पण तिच्या जोडीला पंख्याची खडखड असते, शिक्का मारण्याचा धपधप आवाज असतो, तीन टेबलांवरचे तीन फोन असतात, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची फोडणी असते, गुरुवारी कोपऱ्यातल्या तसबिरीपुढची उदबत्ती असते. आणि या साऱ्यांतून एक माणूस माझ्या टेबलाशी उभा राहून विचारत असतो, “मॅडम, माझे बिल कुठवर आले?”

जुन्या वाड्यांना देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी बसे. कोणाला आत सोडायचे, कोणाला परत पाठवायचे, ते तो ठरवी. मला वाटते, प्रत्येकाच्या डोक्याच्या दाराशी असा एक पहारेकरी बसलेला असतो. पंखा आला, “चल, पुढे हो.” फोडणी आली, “तुझे इथे काम नाही.” बिलवाला आला, “या, बसा.” माझा पहारेकरी जन्मतःच दीर्घ रजेवर गेलेला आहे. सारे एकदम आत येतात आणि सारे आपापले काम आधी व्हावे म्हणून ओरडतात.

31 मार्चला सरकारी कचेरीत काय चालते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. त्या दिवशी बिले कोषागारात पोचली नाहीत तर वर्षाचे अनुदान बुडते. चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका 31 मार्चला, दुपारी तीनच्या सुमारास, साहेबांनी मला एक अगदी साधा प्रश्न विचारला. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. शब्द मराठी होते, एकेक शब्द ओळखीचा होता. पण त्यांचे वाक्य काही होईना. उत्तर मला येत होते, आकड्यासकट येत होते. पण जीभ टाळूला चिकटली होती. माझ्या बाबतीत शब्द सगळ्यांत आधी निघून जातात. मग हात थंड पडतात, आणि मग एकच गोष्ट उरते : इथून निघायचे. मी उठले आणि सर्वांसमोर चालू लागले. पाठीमागे कोणीतरी म्हणाले, “बाई चिडल्या.”

मी चिडले नव्हते. बुडणारा माणूस हातपाय मारतो, तेव्हा तो पाण्यावर चिडलेला नसतो.

मी गेले ती रेकॉर्ड रूममध्ये. दारावरच्या पाटीवर ‘अभिलेख कक्ष’ असे लिहिले होते. पण ते फक्त पाटीला ठाऊक होते. आत छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेली शेकडो दप्तरे. कापडात आणि कागदात आवाज विरतो. त्या खोलीत शिरले की बाहेरचे दालन कोणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखे वाटे. मी एका मांडणीला पाठ टेकून खाली बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग दार किंचित उघडले आणि आमच्या शिपाईमामांचा आवाज आला. तो माझ्याशी नव्हे, बाहेर कोणाशी तरी बोलत होता, “ताई जुनी फाइल शोधतायत. दहा मिनिटं लागतील.” नंतर मला हळूच म्हणाले, “चहा झाकून ठेवलाय, ताई.” दार लागले.

त्या दिवसापासून ती दहा मिनिटे आमच्या दोघांत ठरून गेली. काय होते, का होते, हे मामांनी मला कधीही विचारले नाही. जुनी फाइल मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी शोधावी लागे.

यानंतर काही महिन्यांनीच धाकट्या बहिणीच्या मुलाला, माझ्या भाच्याला, डॉक्टरांकडे नेले. तो चार वर्षांचा, मिक्सर लागला की किंचाळत पळणारा. डॉक्टर म्हणाले, ही स्वमग्नता. मग त्यांनी विचारले, घराण्यात आणखी कोणी असे आहे का? बहिणीने वळून माझ्याकडे पाहिले. लहानपणी दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळ लागली की मी धान्याच्या कोठारात जाऊन बसत असे, ते तिला आठवले असावे. अशा रीतीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, भाच्याच्या मागोमाग, माझाही निकाल लागला.

निकालाने मला बरेच वाटले. माणूस शिष्ट किंवा विक्षिप्त असण्यापेक्षा त्याच्या असण्याला एक नाव असावे, हे केव्हाही चांगले. पण ते नाव मात्र मला अजून पटलेले नाही. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांविषयी जो निबंध लिहिला, त्यापासून या अवस्थेचा परिचय वैद्यकाला झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. ऑटिझम हा शब्द त्याच्याही आधीचा, ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून घडवलेला. आपण त्याचे ‘स्वमग्नता’ केले. शब्द सुरेख आहे. ध्यानस्थ ऋषीला शोभेल असा आहे. पण तो बाहेरून पाहणाऱ्याने घडवला आहे. स्वतःत मग्न व्हायला मला कचेरीत सवड कोठली? तिथे मी पंख्यात मग्न असते, फोडणीत मग्न असते, एकोणिसाव्या ट्यूबमध्ये मग्न असते. गंमत अशी की, या मुलांना मोठ्या आवाजांची भीती वाटते, हे कॅनर यांनी त्या पहिल्याच निबंधात नोंदवून ठेवले होते. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथातील लक्षणांच्या यादीत या गोष्टीला स्पष्ट जागा मिळाली ती 2013 सालच्या आवृत्तीत. सत्तर वर्षे! सरकारी फाइलसुद्धा इतकी रेंगाळत नाही.

आमची फाइल मात्र गेल्या वर्षी भराभर हलली. जुने सारे कागद स्कॅन करून संगणकात घालण्याचे ठरले. दप्तरे टेम्पोत भरून गेली, मांडण्या भंगारात निघाल्या, आणि रेकॉर्ड रूमचा मीटिंग हॉल होणार अशी बातमी आली. त्याच महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी दहा मिनिटे थांबले. मामा मला म्हणाले, “ताई, आता तुम्हीच सांगा लोकांना.”

सांगायचे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत. 1995 च्या जुन्या कायद्यात सात होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. सरकारी कचेरीने अशा माणसाला वाजवी सोयी द्याव्यात, असे नवा कायदा म्हणतो. इतरांसाठी अशा कायद्यांच्या टिपण्या मी एका बैठकीत लिहिल्या आहेत. स्वतःसाठी लिहायला बसले तेव्हा सात मसुदे फाडले. निवृत्तीला पाच वर्षे राहिलेली. बढतीची यादी निघायची होती. आणि तीस वर्षे लोक मला ‘कामाला चोख’ म्हणत आले होते. ते एक वाक्य गमावायची मला भीती वाटत होती. शेवटी चार मागण्या लिहिल्या : टेबल भिंतीकडे घ्यावे, एकोणिसावी ट्यूब बदलावी, तातडीचे प्रश्न शक्यतो लिहून द्यावेत, आणि गरज पडेल तेव्हा दहा मिनिटे उठून जाऊ द्यावे. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले.

चौथ्या दिवशी कागद परत आला. पहिल्या तिन्हींपुढे ‘मान्य’. चौथीपुढे ‘चर्चा करावी’. ज्या बाईचे शब्द पळतात म्हणून अर्ज, तिने त्याबद्दल चर्चा करावी!

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. ते संकोचून म्हणाले, “मॅडम, गैरसमज नको. पण आमच्याकडे सर्वांत व्यवस्थित काम तुमचेच. तुम्हाला त्रास होतो हे कोणाला खरे वाटायचे?”

बोलणे सुचेना. मी कागद घेतला आणि लिहिले, “काम आपण पाहता. त्याची किंमत मी घरी गेल्यावर चुकती करते. साडेसात ते साडेनऊ दिवा न लावता पडून असते. रात्री दहाच्या आधी सख्खी बहीणही मला फोन करत नाही. ती दहा मिनिटे इथे मिळाली तर संध्याकाळचे दोन तास मला परत मिळतील.”

त्यांनी ते दोनदा वाचले. मग विचारले, “आणि ही ट्यूब खरोखर आवाज करते?” मी बोटाने वर दाखवले. त्यांनी उठून काचेचे दार उघडले आणि उंबऱ्यात उभे राहून बराच वेळ ऐकले. चेहऱ्यावरून तरी त्यांना काही ऐकू आल्याचे दिसले नाही. परत येऊन त्यांनी चौथ्या मागणीपुढची ‘चर्चा करावी’ ही अक्षरे खोडली आणि ‘मान्य’ लिहिले.

ट्यूबच्या मान्यतेला मात्र फारसा अर्थ नव्हता. आमच्याकडे मान्य झालेली गोष्ट व्हायला वर्ष लागते. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी साहेब माझ्या नव्या टेबलाशी आले. डोळे तांबारलेले, कपाळावर आठ्या. खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही काल काय सांगून बसलात! सकाळपासून ती ट्यूब माझ्याही कानात गुणगुणतेय. दुसरे काही सुचेनाच.”

मला वाईट वाटले. अगदी मनापासून वाटले. पण संध्याकाळच्या आत वायरमन शिडी घेऊन आला.