रत्नागिरी व्हाया आयर्लंड

रत्नागिरी म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? हापूस, मासे आणि गणपतीपुळ्याला जाता जाता घेतलेला एक हॉल्ट. बस्स! पण या वीकेंडला रत्नागिरी जरा वेगळ्या वाटेने बघा. मी तर थेट आयर्लंडमार्गे बघितली.

माझा मुक्काम होता मिरजोळ्यात, मित्राच्या घरी. शहराला खेटून असलेलं हे गाव. एकीकडे एमआयडीसी, दुसरीकडे लाल माती आणि आंब्याची कलमं. रात्री जेवताना कुठल्या तरी ब्रँडच्या बॉयकॉटवर आमचा वाद रंगला होता. मित्राची आई शांतपणे म्हणाली, "बॉयकॉट म्हणजे वाळीत टाकणंच की! आमच्या लहानपणी माणसांना टाकायचे, तुम्ही आता साबणांना टाकता."

काकूंचं हे वाक्य डोक्यातून जाईना.

कारण 'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये खंडाच्या वादातून कुळांनी त्याला वाळीतच टाकलं. शेतावर मजूर जाईनात, दुकानदार माल देईनात. तिथली कुळं बहुतेक कॅथलिक, जमीनदार बहुतेक प्रोटेस्टंट. शेवटी त्याचं पीक काढायला उत्तरेकडून सुमारे पन्नास प्रोटेस्टंट स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई! भांडण खंडाचं होतं, पण दोन्ही बाजूंना धर्म उभा राहिला. आयर्लंडची शोकांतिका हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात शिरलो ते टिळक आळीत. १८५६ मध्ये लोकमान्यांचा जन्म झाला ते कौलारू घर आता स्मारक आहे. वंगभंगानंतर टिळकांनी जी चतुःसूत्री लावून धरली, त्यात 'बहिष्कार' होताच. पुढे २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात त्यांनी होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दही आयरिशच. गंमत बघा, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये बंडखोर ब्रिटिश फौजेशी लढत होते! आयर्लंडला होमरूल देऊ करताच उत्तरेतले प्रोटेस्टंट बिथरले. आपण कॅथलिकांच्या राज्यात अडकू, ही त्यांची भीती. १९२१ मध्ये बेट दुभंगलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १९९८ च्या करारानंतर बंदुका बऱ्याच अंशी थंडावल्या, पण बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत.

तिथून थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी मंडालेहून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९०८ च्या शिक्षेनंतर रत्नागिरीच्या टिळकांना मंडालेला धाडलं. साम्राज्याची बदली-खाती अशी चालायची!

पण खरा थांबा पुढचा, पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून इथे स्थानबद्ध होते, राजकारणाला बंदी. तेव्हा त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध आघाडी उघडली. जुन्या देवळांच्या दारात वाद झडत होते. अखेर भंडारी समाजातल्या भागोजीशेठ कीर यांनी पैसा उभा केला आणि १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी हे मंदिर उघडलं.

सभामंडपात बसल्यावर काकूंचं म्हणणं नीट कळलं. इंग्रजांवर बहिष्कार टाकणाऱ्या आपल्या समाजाने आपल्याच माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार टाकला होता. ज्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. आणि हा इतिहास झाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे, अंमलात आला २०१७ मध्ये. गरज होती म्हणूनच ना?

हत्यार तेच. कुळाने मालकावर उगारलं तर तो लढा, गावाने एका घरावर उगारलं तर तो जुलूम. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या दुकानदाराच्या बॉयकॉटचा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा, की समोर कॅप्टन बॉयकॉट आहे की वाळीत पडलेलं घर.

कसं जाल : मुंबईहून कोकण रेल्वेने जनशताब्दी, मांडवी किंवा कोकणकन्या. तिन्ही ठिकाणं शहरातच आहेत, रिक्षाने एका दिवसात आरामात होतात.