निखाऱ्यांचा हिशेब

घरात गॅस आला तरी शेगडी घरातून गेलेली नाही. पावसाळ्यात कणसे भाजायला, सुके बोंबील भाजायला, भरताचे वांगे भाजायला ती माळ्यावरून खाली उतरते. आणि घरात बाळंतीण आली की हमखास उतरते. हे शेवटचे कारण आम्हाला काळजीचे वाटते, म्हणून आज शेगडीवर चार शब्द लिहीत आहोत. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. जमाखर्च मांडणे हे आमचे रोजचे काम. तेव्हा कोळशाचाही जमाखर्चच मांडतो.

आमचे बालपण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले. 1980 च्या दशकात रेशनचे रॉकेल आमच्या घरी महिनाभर पुरत नसे. मग वखारीतून कोळसा यायचा. आमच्या आईची शेगडी म्हणजे जुनी लोखंडी बादली. आतून मातीचा जाड लेप, मध्ये सळयांची जाळी आणि खाली राख काढायचे तोंड. आई शाळेत गेली नव्हती, पण विस्तव तिच्या शब्दाबाहेर नसे. भाकरीला धग हवी असेल तर ती खालची राख काढून शेगडीचे तोंड वाऱ्याकडे करायची. डाळ रटरटत ठेवायची असेल तर तोंडाशी विटेचा तुकडा लावायची. स्वयंपाक आटोपला की निखारे चिमट्याने उचलून मडक्यात टाकायची आणि वर झाकण घट्ट बसवायची. हवा तुटली की निखारा विझे. सकाळी तोच कोळसा पुन्हा शेगडीत पडे. पाणी ओतून तिने कधी शेगडी विझवली नाही. "भिजला कोळसा घरभर रडवतो," असे म्हणायची.

आईच्या या कारभारातले शास्त्र सोपे आहे. कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. तो जळायला हवेतला प्राणवायू लागतो. जेवढी हवा आत जाईल तेवढाच कोळसा जळेल. मोठे तुकडे असले तर त्यांच्या फटींतून हवा खेळते आणि धग वाढते. चुरा टाकला तर फटी बुजतात, कोळसा नुसता धुमसतो. निखाऱ्यावर राखेचा थर चढला की हवा कमी पोहोचते आणि तो हळूहळू जळतो. म्हणजे हवेचे दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात विस्तव.

खुद्द कोळसाही याच युक्तीने तयार होतो. लाकडे रचून, वर पालापाचोळा आणि माती लिंपून भट्टी लावतात. आत हवा थोडी जाईल एवढीच भोके ठेवतात. लाकूड पेटून राख होऊ द्यायचे नाही, नुसते भाजू द्यायचे. सुरुवातीचा दाट पांढरा धूर पुढे विरळ, निळसर झाला की भट्टी पिकत आली असे जाणकार ओळखतात. रायगड आणि ठाणे भागातले कातकरी बांधव वर्षानुवर्षे या भट्ट्यांवर राबत आले. मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फेडताना हंगाम संपायचा, ही त्यांची कथा. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला. चार-सहा किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा निघतो. मूठभर कोळसा वाचवणारी आमची आई हे गणित न शिकता जाणत होती.

अमेरिकेत घरामागच्या अंगणात मांस मंद धगीवर, धुरी देऊन शिजवायची मोठी आवड आहे. त्यासाठीचे भांडे म्हणजे झाकण असलेली शेगडीच. खाली एक झडप, वर झाकणाला एक झडप. खालची झडप कमी-जास्त करून धग सांभाळतात. वरची सहसा उघडी ठेवतात, नाहीतर धूर आत कोंडून मांस कडू होते. आतली धग साधारण 107 ते 121 अंश सेल्सिअस ठेवायची आणि मोठा तुकडा दहा-बारा तास शिजू द्यायचा. काही जण थोडेच निखारे न पेटलेल्या कोळशावर ठेवतात. मग विस्तव एका तुकड्यातून दुसऱ्यात सावकाश उतरत जातो. धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने 1952 साली समुद्रातल्या बोयाच्या गोल आकारावरून झाकणाची शेगडी बनवली आणि ती घरोघर पोहोचली. पण तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही कला वाढली ती फार मोठ्या प्रमाणात गुलाम कृष्णवर्णीयांच्या हातांनी. खड्डे खणून, रात्रभर निखारे राखत ते जागले आणि जेवायला बसले मालक. हे वाचले तेव्हा आम्हाला ती माणसे परकी वाटली नाहीत.

मात्र एक गोष्ट त्या देशाकडून घेण्यासारखी आहे. तिथे हे भांडे उघड्यावरच पेटवायचे असते. कोळसा घरात जाळू नका, त्याने मृत्यू येऊ शकतो, असा इशारा कोळशाच्या पिशवीवर चित्रासह छापणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे कोळसा गोणपाटातून सुटा मिळतो. त्यावर इशारा कोण छापणार?

आता जमाखर्चाची उलटी बाजू पाहा. भरपूर हवेत कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. अशा अर्धवट जळण्यात उष्णताही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी मिळते. म्हणजे कोळसा गेला, ऊब मिळाली नाही आणि पदरात विष पडले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. धूर निवला, निखारे लाल झाले, आता भीती नाही, असे आपल्या बायाबापड्या समजतात. पण बिनधुराचे निखारेही हा वायू सोडतच असतात.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आमची पुतणी बाळंतपणाला माहेरी आली. आमच्या थोरल्या आत्याने बाजेखाली शेगडी ठेवली, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकला, खिडकी लावली आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली. आम्ही दार उघडायला गेलो तेव्हा ती कडाडली, "अरे, तू कचेरीतला माणूस! बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

आम्ही वाद घातला नाही. फक्त शेजारच्या चाळीतली जुनी गोष्ट काढली. तिथे अशाच बंद खोलीत बाळंतीण ओकाऱ्या करू लागली, बाळ मलूल पडले. कोणी दृष्ट काढली, कोणी बाहेरचे लागले म्हणाले. शेवटी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" दोघे वाचली. त्या बाईला रिक्षात धरून बसवणारी आमची आत्याच होती.

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग शेक द्यायचाच नाही का?" आम्ही म्हटले, "दे ना आत्या. शेगडी गॅलरीत ठेव, फडकी तिथं गरम कर आणि आत आणून शेक दे." दोन दिवस ती धुसफुसली. तिसऱ्या दिवशी शेजारणीची शेगडीही तिनेच बाहेर काढायला लावली.

तेव्हा भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. शेगडी बाहेर पेटवा आणि बाहेरच विझवा. पेटती शेगडी खोलीत ठेवून कोणी झोपू नये. खिडकी उघडी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. धुरीने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो, ती देऊ नका. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. तान्ह्यांसाठी जगभरचे डॉक्टर हीच ऊब सांगतात. शेगडीजवळच्या कोणाचे डोके जड झाले, ओकारी आली, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

ज्या घरी या हिवाळ्यात लेक बाळंतपणाला येणार आहे, त्या घरच्या आजीला हे पान कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती.